काँगोचं पाणी

पाणी काहीही विसरत नाही. ज्या ज्या गोष्टीला ते स्पर्श करून आलं, त्या साऱ्यांची आठवण ते थेंबाथेंबातून वाहून नेतं. हे मी आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका पाहुण्या वक्त्यांच्या तोंडून ऐकलं. प्रत्येक श्रोत्याच्या पुढ्यात पाण्याची बाटली ठेवलेली होती. ते पाणी पंचगंगेचंच असणार, त्यामुळं त्याला काय काय आठवत असेल या विचारानं मी बाटली उघडली नाही. माझ्या शेजारी दिनकरराव इंगवले बसले होते. ते माझ्याकडं झुकले आणि हळूच म्हणाले, "बाई, रीडिंग घेतलंय का ह्यांनी?"

इंगवले आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे, मी त्यांच्या डोक्यावर. सगळी हयात सहकारी साखर कारखान्यात गेलेली. निवृत्त झाले तेव्हा चीफ केमिस्ट होते. अंगानं इतके वाळलेले, की माणूस साखरेच्या धंद्यातला आहे हे सांगूनही कुणाला खरं वाटू नये. पांढरा हाफ शर्ट, आणि इतरांच्या खिशाला पेन असतं तिथं यांच्या खिशात पीएच बघायच्या कागदी पट्ट्या. पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग बदलतो, रंगावरून आकडा कळतो. सात म्हणजे मध्य. त्याच्या खाली गेलं की पाणी आम्लाकडं, वर गेलं की खाराकडं. हे मला शिकवायला त्यांना एक मिनिट लागलं. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, तिथं कुठल्याही गोष्टीचं असं एका पट्टीवर उत्तर निघालेलं मला आठवत नाही.

ते माझ्याकडं आले की दिलेल्या पाण्यात आधी पट्टी बुडवायचे, मग प्यायचे. कुणाच्या बारशात मसाला दूध, कुणाच्या लग्नात पन्हं, कशातही. एकदा आमदारांच्या चहात बुडवली होती म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही. कारखान्यात उसाचा रस बोटांत चोळून ते शुद्धता सांगायचे अशी त्यांची ख्याती होती. कुणाला ताप आला, कुणाचं दूध नासलं, कुणाचं सरकार पडलं, तरी यांचा प्रश्न एकच, "रीडिंग घेतलं होतं का?" त्यांचं म्हणणं असं, की कुठलीही गोष्ट अचानक बिघडत नाही. आधी आकडा हलतो. कुणीतरी तो बघायचा राहिलेला असतो.

हे सगळं गमतीचं वाटायचं. त्यांच्या मुलाची हकीकत कळली, त्यानंतर मला त्या प्रश्नाची गंमत वाटेनाशी झाली.

अभिजित त्यांचा एकुलता एक मुलगा. तोही साखरेतलाच. इकडच्या कारखान्यात होता, बऱ्यापैकी रुळला होता. आफ्रिकेतल्या कारखान्यांना आपल्याकडची साखरेतली माणसं लागतात, आणि कोल्हापूर जिल्ह्यातली पोरं तिकडं जातात. त्यात नवल काही नाही. इंगवल्यांचे एक जुने सहकारी काँगोत एका कारखान्यावर मोठ्या हुद्द्यावर होते. इंगवल्यांनी स्वतः त्यांना फोन करून मुलाची जागा पक्की केली. मुलाची फारशी इच्छा नव्हती. "आप्पा म्हणतायत तर जातो," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, तिथल्या पावसाळ्यात, नदी ओलांडताना होडी उलटली. बाकीचे मिळाले. अभिजित मिळाला नाही.

त्यानं पाठवलेला शेवटचा फोटो एका माशाचा होता. प्लॅस्टिकच्या बादलीत चार-पाच मासे, मोठ्या खवल्यांचे, अंगावर पाण्यात सांडलेल्या रॉकेलसारखे रंग, शेपटीचं मधलं टोक लांब. खाली लिहिलेलं, "आप्पा, इथल्या ओढ्यात असले मासे हायत." इंगवल्यांनी तो फोटो मला कितीदा दाखवला असेल. त्यात बादलीच्या पलीकडं एक काळा दांडा दिसतो. तो तव्याचा आहे हे माझ्या पहिल्याच नजरेत आलं होतं. ते मी कधी बोलले नाही. त्यांनाही ते दिसलेलं असणारच, ते केमिस्ट होते.

हा फोटो घेऊन ते शाहूपुरीत शौकतभाईंच्या दुकानात गेले. मला तिकडंच काम होतं म्हणून मी रिक्षात त्यांच्याबरोबर होते. शौकतभाईंचं दुकान म्हणजे भिंतभर काचेच्या टाक्या, आणि त्यांच्या मध्ये कसेबसे मावणारे शौकतभाई.

"हा मासा पाहिजे," इंगवले म्हणाले.

शौकतभाईंनी फोन लांब धरून बघितला. "पाळायला का खायला?"

"पाळायला."

"काँगो टेट्रा हाय हा. मागवाय लागंल. तवर हे न्या की, हे बी आफ्रिकेचंच. जांभळ्या पोटाचे, लई गुणी. पिल्लं सांभाळतात नवरा-बायको मिळून."

"आफ्रिकेत कुठले?"

"नायजेरिया."

"मग नको. काँगोचेच पाहिजेत."

"शेजारीच हाय की ते, साहेब."

"शेजारचं चालत नाही. पाणी वेगळं."

शौकतभाई माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, माशाला पासपोर्ट नसतोय, सांगा ह्यांला."  इंगवल्यांना काही सांगण्याची सोय नव्हती.

टाकी आली. माणूस आडवा झोपेल एवढी लांब. तिच्यासाठी लोखंडी स्टँड केलं, हॉलमधला सोफा जिन्यात आला आणि पुढं भंगारात गेला. तळाला माती, तिच्यावर दहा पाण्यांनी धुतलेली वाळू, त्यात एक वाकडंतिकडं लाकूड. लाकूड बादल्याबादल्या पाण्यात उकळलं, का तर त्याचा खार निघावा. मग टाकी पाण्यानं भरली, दिवा लावला, फिल्टर चालू केला, आणि इंगवले समोर खुर्ची टाकून बसले. आत मासे नव्हतेच. कॉलनीतली माणसं बघायला येत, रिकामं पाणी बघत आणि चहा पिऊन जात.

"मासे कुठायत?" आमच्या सोसायटीच्या चेअरमननी विचारलं.

"पाणी अजून कच्चं आहे," इंगवले म्हणाले.

नव्या टाकीतलं पाणी पिकावं लागतं, हे खरं आहे. त्यात आधी डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते माशांची घाण पचवतात, मगच मासे जगतात. महिनाभर ते रोज पट्टी बुडवायचे आणि मान हलवायचे. "कच्चं आहे." चेअरमननी बाहेर येऊन सांगितलं, की इंगवल्यांवर परिणाम झालाय. त्यांनी कपाळाकडं बोट नेलं, पण टेकवलं नाही, कारण ते हुद्द्यानं चेअरमन होते.

आत झाडंही तिकडचीच. जाड, काळपट हिरव्या पानांचं एक झुडूप होतं, ते लाकडाला दोऱ्यानं बांधायचं होतं. सुमनवहिनी, म्हणजे इंगवल्यांच्या पत्नी, सुईत ओवायचा काळा दोरा घेऊन आल्या. त्यांनी सरळ विचारलं, "मातीत का लावत न्हाईसा?"

"हिचं खोड पुरायचं नसतं," इंगवले म्हणाले. "पुरलं की कुजतं. उघडंच ठेवायचं."

सुमनवहिनींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि दोऱ्याला गाठ मारली.

सुमनवहिनी शाहूवाडीकडच्या, भाताच्या गावच्या. नवरा आकड्यांत बोलायचा, त्या सरळ बोलायच्या. त्यांचं दुःख त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडताना. "म्हाळाला त्येचं पान वाढू का नको, एवढं सांगा मला, बाई. वाढलं तर जित्त्या पोराचं पान वाढलं म्हणून पाप. न्हाई वाढलं तर मेलेलं पोर उपाशी. दर साली हात थांबतोय माझा."

ज्याचं शरीर सापडत नाही, त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींनी सांगितलं होतं, बरीच वर्षं झाली, आता करायला हरकत नाही. बाहेर तोंड दाखवायचं तर कोल्हापुरात त्याशिवाय गतही नव्हती. इथं माणूस गेला हे डॉक्टरच्या कागदावरून ठरत नाही. पेपरात ‘रक्षाविसर्जन’ छापून येतं आणि सकाळी नदीवर किती लोक जमले यावरून ठरतं. अभिजितचं रक्षाविसर्जन झालं नव्हतं. त्यामुळं तो मेलेलाही नव्हता आणि आलेलाही नव्हता. लोक इंगवल्यांना काय विचारायचं ते न कळून पावसाबद्दल बोलायचे.

वहिनी दरवर्षी विचारायच्या, "करूया का?" इंगवले टाकीकडं बघत म्हणायचे, "बघू. एवढ्यात नको." मला तो आवाज ओळखीचा वाटायचा. पाणी कच्चं आहे म्हणायचा तोच.

मासे आले. बादलीतल्या त्या फोटोसारखेच. इंगवले तेव्हा एका नव्या पेचात होते. काँगोच्या त्या ओढ्यांचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. आमच्या नळाचं पाणी तसं नाही. त्यांनी शोध घेतला आणि असं ठरवलं, की जिल्ह्यात तसलं पाणी चंदगडात मिळेल, जांभ्या दगडातून झिरपणारं. मग दर पंधरवड्याला मोठमोठे कॅन घेऊन ते एसटीनं चंदगडला जायचे आणि ओढ्याचं पाणी घेऊन यायचे. मी एकदा, मला जंगल बघायचं होतं म्हणून, बरोबर गेले. येताना कंडक्टरनं कॅनवर पाय टेकवला.

"पावणं, काय हाय ह्यात?"

"पाणी."

"कुठं निघालंय?"

"कोल्हापूरला."

"कोल्हापुरात पाणी न्हाई व्हय?"

"तिथलं चालत नाही. काँगोचं लागतं."

कंडक्टरनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काजूची झाडं होती. "हे चंदगडचं हाय की, पावणं."

"जवळात जवळ हेच."

कंडक्टरनं कॅनवरचा पाय काढला. मग म्हणाला, "लगेजचं तिकीट पडंल." इंगवल्यांनी काढलं. पुढं तो कंडक्टर त्यांच्या ओळखीचा झाला, कॅन चढवायला हात द्यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "ओ काँगो, बसा म्होरं." तिकीट मात्र प्रत्येक वेळी घ्यायचा.

पाण्यात बदामाच्या झाडाची वाळलेली पानं टाकायची, म्हणजे ते चहासारखं होतं, हेही त्यांनी शोधलं. कॉलनीत बदामाची झाडं आहेत. चीफ केमिस्ट सकाळी रस्त्यावरची पानं वेचताना दिसायचे, एकेक उजेडाला धरून, भोक असलेलं टाकून देत. टाकीतलं पाणी तपकिरी झालं. खोलीत पडदे ओढलेले असायचे. त्यांच्या हॉलमध्ये गेलं की आपणच कुठल्यातरी तळाशी उभे आहोत आणि वरून कुणीतरी बघतंय असं वाटायचं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. म्हणून मी दाराजवळच्या खुर्चीत बसायचे.

टाकीच्या दिव्याला टायमर होता. सगळ्या जगाचे मासे सकाळी उठतात. इंगवल्यांच्या टाकीत साडेदहाच्या सुमाराला उजाडायचं. काँगो आपल्या साडेचार तास मागं आहे. आपण नाश्ता करून, पेपर वाचून मोकळे झालो की तो काळा काचेचा ठोकळा हळूहळू तांबूस व्हायचा, आणि त्यातून ते मासे एकेक करून आकार धरायचे. इंगवले त्या वेळी कुणाशी बोलत नसत. दिवा पूर्ण लागला की म्हणायचे, "उजाडलं तिथं." मग पट्टी.

हे मासे भित्रे असतात. काचेला बोट लावायची त्यांच्या घरात बंदी होती. कुणी आत आलं की सगळा थवा एकदम वळून लाकडाच्या मागं जायचा. इंगवले पाठमोरे बसलेले असले तरी त्यावरूनच त्यांना कळायचं, दारात कुणीतरी आहे. बेल त्यांनी काढूनच टाकली होती. पण कधीकधी कुणी आलेलं नसताना तो थवा वळायचा. लखकन, सगळे एकदम, जणू एकाच दोऱ्याला बांधलेले. आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. मी त्या वेळी खोलीत असले तर रस्त्यावरून ट्रक गेला का ते आठवून बघायचे. बहुतेकदा गेलेला असायचा. इंगवले दाराकडं न बघता म्हणायचे, "सुमन, कोण आलंय बघ." आणि सुमनवहिनी प्रत्येक वेळी खरोखर उठून दारापर्यंत जायच्या. कडी काढायच्या. जिन्यात बघायच्या. "कोन न्हाई," म्हणून परत यायच्या. त्या का जातात हे मी एकदा विचारलं. "त्यास्नी बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आनि मला बी."

महापूर आला त्या वर्षी पंचगंगा आमच्या पार्किंगमध्ये शिरली आणि जिन्याच्या वळणापर्यंत चढली. वीज गेली. गाड्या बुडाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जवानांची होडी आली आणि गॅलरीला लागली. मी वरून दोरानं पिशवी सोडली, मागाहून मला सोडलं. त्या वयात आणि त्या वजनात तो सोहळाच होता. चेअरमननी फोटो काढला. होडीवाल्यांनी इंगवल्यांना हाका मारल्या.

"मी येत नाही," आतून आवाज आला. "फिल्टर बंद आहे. हवा मिळाली नाही तर मासे मरतील."

"अहो काका, मासे काय घेऊन बसलाय! पाण्यात मासं मरत असत्यात व्हय?"

"इथले मरतात."

सुमनवहिनी गॅलरीत आल्या. होडीत मी होते, जागा होती. मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही, नुसता दाबला, आणि खाली वाकून मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माशांचं निमित्त हाय, बाई. त्ये होडीत बसनार न्हाईत. अभी गेल्यापास्नं रंकाळ्यातल्या होडीत बी कधी बसलं न्हाईत." मग होडीवाल्याला म्हणाल्या, "जावा तुमी. आमचं वरचं घर हाय."

होडी वळताना मला त्यांचा हॉल दिसला. पडदे उघडे होते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. इंगवले टाकीशी उभे राहून तांब्यानं पाणी उचलत होते आणि उंचावरून परत टाकीत ओतत होते. असं पाणी पडलं की त्यात हवा मिसळते. देवावर अभिषेक चालावा तसं ते चाललं होतं, आणि बाहेर नदी खिडकीच्या खाली येऊन थांबली होती. नवरा थकला की बायको ओतायची. पूर ओसरेपर्यंत दोघांनी ते आळीपाळीनं केलं. एकही मासा मेला नाही.

त्यानंतर संघानं त्यांचा सत्कार केला. विषय होता, ‘छंदातून आनंदी निवृत्ती’. अध्यक्ष म्हणाले, मासा हे चंचल मनाचं प्रतीक आहे आणि इंगवलेसाहेबांनी ते मन काचेत स्थिर केलं आहे. शाल, नारळ झाला. इंगवल्यांना बोलायला सांगितलं. ते उठले, म्हणाले, "ह्या माशांना पीएच साडेसहा लागतो," आणि बसले. घरी आल्यावर ती शाल त्यांनी टाकीवर पांघरली. मासे दबकले की घालायचे. सत्काराच्या शालीचा एवढा उपयोग झालेला मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

मग एका उन्हाळ्यात पहिल्या थव्यातला एक मासा मेला. सकाळी तळाशी आडवा पडलेला. इंगवल्यांनी मला वर निरोप पाठवला. मी गेले तेव्हा टेबलावर काचेच्या नळ्या, निरनिराळे द्रव, पट्ट्या यांचं दुकान मांडलेलं होतं. ते एकेक तपासणी करत होते आणि परत करत होते. 

"पीएच बरोबर आहे," ते म्हणाले. "अमोनिया नाही. नायट्राइट नाही. तापमान बरोबर. बाई, सगळं बरोबर आहे."

"वय झालं असेल," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं, हे मासे किती वर्षं जगतात ते."

"काहीतरी राहिलं असणार बघायचं."

"काय?"

 त्यांनी परत पाणी घेतलं, बोटांत चोळलं, वास घेतला, कारखान्यात रसाचा घ्यायचे तसा. सुमनवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.  मग इंगवले नळ्या एकेक करून धुवायला लागले आणि पाठमोरेच म्हणाले, "त्याला फोनवर विचारायला पाहिजे होतं. तिथं पाऊस सुरू झालाय का. होडी कसली आहे. दर रविवारी बोलायचो. मी विचारायचो, रिकव्हरी किती पडली." रिकव्हरी म्हणजे उसातून साखर किती निघाली तो आकडा.

"तुमी इचारलं असतं तरी गेला असता की त्यो," सुमनवहिनी म्हणाल्या. "नदीच्या पल्याड कारखाना हुता."

इंगवल्यांनी मेलेला मासा तळहातावर घेतला. रंग तसेच होते. "पाण्यात दोष नाही," ते म्हणाले. हे त्यांनी कुणाला सांगितलं ते मला कळलं नाही. मग म्हणाले, "सुमन, भटजींना निरोप दे."

नदीवर मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ माणसं आली. बिद्रीच्या कारखान्यातली, वहिनींच्या माहेरची शाहूवाडीची. अभिजितबरोबर शाळेत असलेली, आता टक्कल पडलेली पोरं. इतकी वर्षं पावसाबद्दल बोलणारी सगळी माणसं. भटजींनी पुतळा केला होता. पानांचा माणूस एवढासा होतो, हे मला माहीत नव्हतं. त्याला अग्नी दिला, तो लगेच संपला. सुमनवहिनी रडल्या, मोठ्यानं, गावाकडं रडतात तसं नाव घेऊन. त्यांना इतकी वर्षं ते करता आलं नव्हतं.

राख नदीत सोडायची वेळ आली तेव्हा इंगवले म्हणाले, "थोडी मला द्या." लोकांना वाटलं, काशीला नेणार असतील. भटजींनी मूठभर राख रुमालात बांधून दिली.

घरी आलो. मी त्यांच्याबरोबर आत गेले. साडेदहा होऊन गेले होते, टाकीत उजाडत होतं. इंगवल्यांनी शाल काढली, झाकण उचललं, रुमालाची गाठ सोडली.

राख म्हणजे शुद्ध खार. पाण्यात पडली की आकडा वर जाणार. हे मला सांगणारे तेच होते; धुण्याचा सोडा चमचाभर पडला तरी ह्या माशांचं काय होईल, हेही त्यांनीच एकदा सविस्तर सांगितलं होतं.

"अहो," सुमनवहिनी म्हणाल्या. ज्या टाकीनं त्यांचा सोफा खाल्ला, हॉल खाल्ला, तिच्याकडं बघत. "मासं मरत्याल की."

"माहीत आहे."

"मग?"

"पंचगंगेत कुठं आहे तो?" इंगवले म्हणाले.

वहिनी पुढं झाल्या. मला वाटलं, रुमाल काढून घेतील. त्यांनी इंगवल्यांच्या हाताखाली आपला हात लावला. "हळूहळू सोडा मग," त्या म्हणाल्या. "एकदम नगं."

दोघांनी मिळून ती सोडली. राख आधी पाण्यावर पसरली, करडी साय धरावी तशी. मग खाली उतरायला लागली, तपकिरी पाण्यातून, अगदी सावकाश. त्या जाड पानांवर, लाकडावर, न पुरलेल्या खोडावर. मासे लखकन वळले आणि लाकडाच्या मागं गेले. दारात कुणी नव्हतं. सुमनवहिनी दारापर्यंत बघायला गेल्या नाहीत. इंगवल्यांनी कुणी आलंय का असं विचारलं नाही. दाराकडं मीच पाहिलं.

त्या दिवशी त्यांनी पट्टी बुडवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. इंगवले खुर्चीत बसले होते, पण खुर्ची भिंतीकडं फिरवलेली. खिशातल्या पट्ट्या त्यांनी माझ्यापुढं धरल्या. "तुम्ही बघा, बाई. मला बघवत नाही." खोलीत अंधार होता, टाकी काळी. आम्ही थांबलो. साडेदहाला टायमर टकटकला, काच तांबूस झाली. मी पट्टी बुडवली. गेली कित्येक वर्षं ज्या रंगावर ती थांबायची, त्याच्या पुष्कळ वर गेली. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली.

लाकडाच्या मागून एक मासा आला. मग दुसरा. मग सगळा थवा, शेपटीची टोकं हलवत, पानांवरच्या राखेला तोंड लावून ती खायची आहे का हे तपासत. त्यांना भूक लागली होती. "सगळे आहेत," मी म्हटलं. इंगवल्यांनी खुर्ची वळवली नाही. हात मागं करून त्यांनी फक्त तळहात काचेवर टेकवला. त्या घरात काचेला लागलेला तो पहिला हात. मासे हलले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढं इंगवले आजही तेवढेच आहेत. पाठ आणि तो हात. त्याच वर्षी दिवाळीनंतर ते गेले. रक्षाविसर्जनाला भरपूर लोक होते. म्हाळाला सुमनवहिनी आता दोन पानं वाढतात. हात थांबत नाही म्हणतात.

मासे अजून आहेत. त्यांचं खाणं आणायला सुमनवहिनी मला पाठवतात. परवा शौकतभाईंना मी विचारलं, त्या राखेनं ते मासे मेले कसे नाहीत? एवढं आम्ल पाणी लागणारे मासे, आणि आता तर ते नळाच्याच पाण्यावर आहेत.

"त्यांला काय धाड भरलीय," शौकतभाई म्हणाले. "चेन्नईचे मासे हायत ते. तिथं सिमेंटच्या हौदात काढत्यात. तिथलं पाणी म्हणजे नुसता चुना. त्यांच्या आज्यानं बी काँगो बघितला नसंल."

"हे साहेबांना माहीत नव्हतं?"

"सांगितलं हुतं की. मासे न्यायला आले त्याच दिवशी. व्हय म्हणाले, आनि पिशव्या घेऊन गेले."

मासे चेन्नईहून बेंगळुरूमार्गे मिरजेपर्यंत रेल्वेनं येतात. तिथून पुढं कोल्हापूरला एसटीनं, लगेजचं तिकीट काढून.